समासात काही लिहू नये

रस्त्यात कुणाच्या हातात साखळी आणि साखळीच्या टोकाला कुत्रं दिसलं, की तुमच्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? "नाव काय?" हा? "चावतं का?" हा? खरं सांगा. "जात कुठली?" हाच ना?

मीही तोच विचारते. सवयीनं निघून जातो. माणसाला तो उघड विचारायची आपल्याला लाज वाटते, म्हणून पुण्यात आपण "मूळ गाव कुठलं?" असं सुरू करतो. मग "आडनाव काय म्हणालात?" आणि तरीही अंदाज लागला नाही, तर "तुमच्यात लग्नं कशी असतात हो?" एवढा लांबचा वळसा घालतो. कुत्र्याच्या बाबतीत वळसा लागत नाही. आपण सरळ विचारतो, समोरचाही सरळ सांगतो आणि सांगताना त्याची छाती थोडी पुढे येते.

यंदाही डिसेंबर लागताच वारज्याच्या चौकात फ्लेक्स चढला. भव्य श्वान प्रदर्शन. वर तीन कुत्र्यांचे फोटो, खाली नऊ शुभेच्छुकांचे. सर्वात खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'प्रवेश फक्त नोंदणीकृत, शुद्ध जातीच्या श्वानांना.' त्याच फ्लेक्सच्या आडोशाला, वाऱ्यापासून पाठ वाचवत, चौकातली पिवळी कुत्री तिची चार पिल्लं घेऊन पडलेली असते. तिला वाचता येत नाही हे तिचं नशीब.

थंडी म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो, बोरं आठवतात, ट्रंकेतून निघालेल्या स्वेटरचा डांबरगोळ्यांचा वास आठवतो. मला आठवतं फिनेल, कोमट दूध आणि ओलं वर्तमानपत्र. पाच-सहा वर्षांपूर्वीचा तो एक हिवाळा माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेज करत होते आणि मराठी डीटीपीचा क्लास नुकताच पुरा केला होता. कोथरूडमध्ये क्लासच्या दारावर कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती. 'मराठी टायपिंग येणारी मुलगी पाहिजे. वेळ पाळणारी. कुत्र्यांना घाबरणारी नको.' मी घाबरत होते. तरी गेले.

'मयूर' नावाचा बंगला. लिमये काका नोकरीतून निवृत्त झालेले. गच्चीवरच्या खोलीत ते लॅब्रॅडोर कुत्री वाढवायचे आणि शहरातल्या कुत्री पाळणाऱ्यांच्या एका संस्थेचं, नोंदणी सोडून बाकीचं, कागदोपत्री काम घरूनच बघायचे. मुलगा अमेरिकेत. त्याचा जुना कॉम्प्युटर क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला.

"मराठी टायपिंग येतं?"

"येतं."

"शुद्धलेखन?"

"वडील मुद्रितशोधक आहेत. कसब्यात, प्रेसमध्ये."

"मी तुझं विचारलं."

"येतं."

"बस. आधी पाय पूस, मग बस."

काकूंनी चहा आणला. मूळ गाव विचारलं. सोलापूरकडचं, म्हटलं. आडनाव विचारलं. सांगितलं. काकू "हं" म्हणाल्या. तो 'हं' माझ्या ओळखीचा आहे. बालवाडीपासून ऐकते. त्यानंतर त्यांनी चहात आलं चालतं का, असंही विचारलं, हेही लिहायला हवं. एका बाजूचंच लिहिलं तर पप्पा खोडतात.

मी पत्रकांवर वाढले. पप्पा दिवसभर कसब्यातल्या प्रेसमध्ये दुसऱ्यांची लग्नपत्रिकांपासून गाइडांपर्यंतची प्रुफं तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची पत्रकं लिहायचे. कामगारांच्या सभेची, रात्रशाळेची, पाणी न येण्याची, जयंतीच्या व्याख्यानांची. आयुष्यात मी वाचलेलं पहिलं सबंध वाक्य 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा!' हे होतं. शाळेला उशीर होतोय म्हणून ते मला आणि दादाला उद्देशून लिहिलंय, अशी माझी कितीतरी दिवस समजूत होती. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. पप्पांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, पत्रकात उद्गारचिन्ह एकच द्यायचं, बाकीचं काम वाक्यानं करायचं. आणि दुसरी, पानाच्या कडेला जी कोरी पट्टी सोडतात, त्या समासाबद्दल. "मजकूर मालकाचा असतो," पप्पा म्हणायचे, "समास आपला." तिथे लाल पेनानं खूण केली की मालकालाही थांबून बघावं लागतं.

लिमये काकांचं पहिलं काम होतं संस्थेची नियमावली मराठीत आणायचं. शहर पसरत होतं. हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्या पहाटेपासून आमच्या वारज्यातून धावायला लागल्या होत्या. ज्यांच्या शेतांवर टॉवर उभे राहिले त्यांच्याही दारात आता लॅब्रॅडोर होते आणि त्या नव्या सभासदांना इंग्रजी नियम कळत नव्हते.

"काका, 'ब्रीड'ला काय लिहू? प्रजाती?"

"प्रजाती वेगळी. जात लिही. सगळे जातच म्हणतात."

"आणि 'प्युअरब्रेड'?"

"शुद्ध जातीचा. त्यात अडखळण्यासारखं काय आहे?"

मी टाइप करत राहिले.

"आणि 'बाप' नको लिहूस," काका मागून वाचत म्हणाले. "पिता लिही. चॅम्पियन आहे तो. पिल्लं नको, संतती लिही. कागदाला जरा वजन पाहिजे."

तर असे वजनदार कागद मी रविवारी घरी आणले. मुखपृष्ठ अजून ठरायचं होतं, म्हणून नुसती आतली पानं. माझं टायपिंग पप्पांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जायचं नाही, हा घरचा नियम होता. पप्पा कॉटवर बसले, चष्मा पुसला आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागले.

"'पिता व माता या दोघांचीही नोंद संस्थेकडे असणे बंधनकारक आहे. मिश्र संबंधातून झालेल्या संततीची नोंद कोणत्याही परिस्थितीत केली जाणार नाही. संततीच्या शुद्धतेबद्दल शंका उद्भवल्यास संस्थेचा निर्णय अंतिम राहील.'"

पप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कुठल्या समाजाचं वधू-वर मंडळ आहे हे? आणि तू टाइप केलंस? बोटांना काही वाटलं नाही तुझ्या?"

"पप्पा, पुढे तरी वाचा."

"काय वाचू पुढे? 'अर्जावर पित्याच्या मालकाची सही...'" ते थांबले. पान डोळ्यांजवळ नेलं. "पित्याचा मालक?"

"पप्पा, कुत्र्यांचं आहे ते."

पप्पा एवढे हसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. शेजारच्या मावशी दारात येऊन बघून गेल्या. मग डोळे पुसून त्यांनी पुन्हा लाल पेन उचललं आणि ऱ्हस्व-दीर्घाला हात न लावता प्रत्येक नियमासमोर, समासात, एकच शब्द लिहीत गेले. 'का?' पुढच्या नियमासमोर पुन्हा 'का?'

"पप्पा, असं नाही तपासायचं."

"असंच तपासायचं."

मी खोडसाळपणानं तीच पानं दुसऱ्या दिवशी काकांसमोर ठेवली. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "वडिलांना सांग, इथे लोकशाही नाही. कुत्र्यांत निवडणूक होत नसते, निवड होते."

पप्पांना निरोप सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "माणसाची तुलना कुत्र्याशी करू नकोस. आपल्याशी ती फार झालेली आहे. पण नियम लिहिणाऱ्याचं अक्षर ओळखता आलं पाहिजे."

त्याच हिवाळ्यात मी माझ्या स्वतःच्या कागदासाठीही हिंडत होते. जातीच्या दाखल्याची पडताळणी. आजोबा कधी शाळेत गेले नव्हते, त्यांचा कागद कुठून आणणार? आणि दीक्षा घेताना त्यांनी जे नाव टाकून दिलं होतं, ते त्यांचंच होतं हे मला सिद्ध करायचं होतं. काकांच्या ठमीच्या पाच पिढ्या एका चकचकीत कागदावर होत्या. माझी तिसरी पिढी गावच्या दप्तरात सापडत नव्हती. मी चिडून हे बोलले तर पप्पांनी मलाच झापलं. "दोन कागदांत गफलत करू नकोस. तुझा कागद जखमेचा पुरावा आहे. त्यांचा कागद मिरवायचा आहे."

ठमी म्हणजे काकांची लाडकी कुत्री. कागदावर तिचं चार शब्दी इंग्रजी नाव होतं. घरात ती ठमी, आणि हाकेला ठमी म्हटल्यावरच वळायची. डिसेंबरच्या मध्यावर ती व्यायली. सात पिल्लं. गच्चीवरच्या खोलीत पिवळा बल्ब लावलेला, खाली वर्तमानपत्रं अंथरलेली. रविवारच्या पुरवणीतली लग्नाच्या जाहिरातींची पानं जाड म्हणून काकू तीच खाली घालायच्या. 'गोरी, सुस्वरूप, अपेक्षा स्वजातीय'वर सातही पिल्लं समभावानं मुतायची. मला पत्रक लिहायची गरजच पडली नाही.

सगळी सारखीच दिसतात म्हणून काकूंनी उरलेल्या लोकरीचे तुकडे त्यांच्या गळ्यात बांधले. लाल, निळी, पिवळी, पांढरी, काळी, जांभळी, हिरवी. रोज सकाळी काका स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेकाला ठेवायचे. वजन मी लिहायचे. पिल्लाच्या पोटाची ती ऊब, तळहातावर उमटणारी हृदयाची धडधड, डोळे उघडण्याआधीच दुधाकडे वळणारं नाक. घाबरणारी मी, आठ दिवसांत गच्चीत मांडी घालून बसायला लागले.

नोंदणीच्या अर्जासोबत जोडायचा वंशावळीचा तक्ता टाइप करून मी घरी नेला. डावीकडे पिल्लू, मग आई-बाप, मग त्यांचे आई-बाप, अशी फांद्यांची उतरंड. पप्पांनी एका नावाभोवती लाल गोल काढला, खालच्या फांदीवर त्याच नावाभोवती दुसरा. समासात लिहिलं, 'द्विरुक्ती. एक काढावे.'

"ती चूक नाही, पप्पा."

"एकच नाव दोन पिढ्यांत? नक्कल करताना राहून गेलंय."

"नाही. सुलतान पिल्लांचा बाप आहे आणि ठमीचाही बाप आहे. बापच आजोबा आहे."

पप्पांनी पेनाचं टोपण लावलं. मग विचारलं, "याला नियम नाही?"

नव्हता. मी नियमावली मराठीत आणली होती, प्रत्येक ओळ माझ्या बोटांखालून गेली होती. गल्लीतल्या काळ्या कुत्र्याशी संबंध आला तर संतती अशुद्ध. बापाशी आला तर हरकत नाही. काका त्याला 'लाइन पक्की करणं' म्हणायचे. डोक्याचा आकार पक्का होतो, रंग पक्का होतो. आणखी काय काय पक्कं होतं ते मला पाचव्या आठवड्यात दिसलं.

गच्चीच्या खोलीला एक लाकडी उंबरा होता. उन्हं आली की सहा पिल्लं त्यावरून धडपडत बाहेर यायची. हिरवी मागे राहायची. पुढचे पाय उंबऱ्यावर, मागचे फरशीवर बेडकासारखे फाकलेले. पुढच्या दोन पायांनी ती उरलेलं सगळं अंग ओढायची. बाहेर आली की माझ्या पावलावर येऊन बसायची आणि बसायची कशी, तर दोन्ही मागचे पाय एकाच बाजूला टाकून, स्कूटरवर मागे बसलेल्या बाईसारखी. आम्ही हसायचो. काकूही हसायच्या. "कुठे निघाल्या आमच्या बाई? लक्ष्मी रोडला?"

प्राण्यांचे डॉक्टर घरी आले. त्यांनी हिरवीला उताणं धरलं, मागचा पाय हळूच फिरवला. एक बारीक 'टक्' असा आवाज झाला आणि ती कळवळली. "खुबे सैल आहेत," डॉक्टर म्हणाले. "वाढेल तसं दुखणं वाढेल. हिची पिल्लं कधीच घेऊ नका. आणि जो हिला नेईल, त्याला सांगून द्या." काकांनी मान हलवली. त्या दिवसापासून रोज दुपारी ते उन्हात बसून तिचे पाय तिळाच्या तेलानं चोळायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काका दुष्ट असते तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

अर्ज भरायला बसले. रंगाला रकाना होता. छातीवर पांढरा ठिपका असल्यास त्यालाही रकाना होता. पित्याचा क्रमांक, मातेचा क्रमांक, मालकांच्या सह्या.

"काका, पायांचं कुठे लिहू?"

"नाही लिहायचं. रकाना नाही."

मी लिहिलं. हिरवीच्या अर्जावर, समासात, पेनानं, छोट्या पण स्वच्छ अक्षरात. 'मागचे दोन्ही खुबे सैल. पुढे पिल्ले घेऊ नयेत.' पाकीट मीच बंद केलं, मीच टाकलं. घरी जाताना वारज्याच्या पुलावर मी सायकलवरून उगाच दोन्ही हात सोडले होते. एकोणिसाव्या वर्षी क्रांती एवढ्यात झाल्यासारखी वाटते.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. सातही अर्ज जसेच्या तसे, वर एक चिठ्ठी. 'समासात काही लिहू नये. नवीन अर्ज पाठवावेत.'

एवढंच. खुब्यांबद्दल एक शब्द नाही. कुणी ते वाचलं तरी असेल का, की नुसती शाई दिसली आणि हरकत घेतली, मला आजही माहीत नाही.

"या," काका म्हणाले. ते मला 'या' कधीच म्हणत नसत. "आपण समाजसुधारक आहात हे मला ठाऊक नव्हतं. मला टायपिस्ट हवी होती."

"डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर मला म्हणाले. मी बघेन." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला वाटतं मला तिची काळजी नाही? एकीपायी सहा जणांचे कागद अडलेत. मुदत संपत आली. पुन्हा टाइप कर. नीट." आणि टेबलावरचं दुसरं पाकीट माझ्याकडे सरकवलं. "आणि हे घे. तुझ्या दाखल्याच्या प्रतींवर सह्या-शिक्के आणलेत. माझा मित्र अजून नोकरीत आहे. उगाच रांगांत ताटकळू नकोस."

तो शिक्का मला दोन महिने मिळत नव्हता. मी पाकीट घेतलं. आणि नवीन अर्ज टाइप केले, नीट. समास पांढरेशुभ्र.

त्या वेताला काकांनी फुलांची नावं दिली होती. हिरवीचं कागदावरचं नाव 'मॉर्निंग ग्लोरी', म्हणजे आपली गारवेल, सकाळी फुलणारी. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंगमध्ये माझ्याकडून एक 'यू' जास्त पडला. 'मॉर्निंग'चा अर्थ सकाळऐवजी शोक झाला. मला तेव्हा कळलं नाही. पप्पांना ते अर्ज मी दाखवलेच नव्हते. कोऱ्या समासाचा कागद त्यांच्यासमोर न्यायची हिंमत नव्हती. संस्थेलाही चूक दिसली नाही. समासातली चार अक्षरं दिसणाऱ्या डोळ्यांना भलं मोठं नाव चुकलेलं दिसलं नाही. प्रमाणपत्र तसंच छापून आलं.

हिवाळा ओसरत होता, पण गच्चीवर सकाळी अजून गारठा असायचा. पिल्लं एकेक करून जायला लागली. हिरवीला न्यायला नेहा आली. नागपूरची मुलगी, हिंजवडीत नोकरी, राहायला आमच्याच वारज्यात, आमच्या चाळीसमोरच्या नव्या टॉवरमध्ये. काका काहीतरी आणायला खाली गेले होते. हिरवी जाऊन नेहाच्या पावलावर बसली, तशीच, पाय एका बाजूला टाकून.

"बाप्पा! कित्ती गोड बसते ही," नेहा म्हणाली. मग पाच पिढ्यांचा तक्ता उलगडून बघितला. "हिच्या तर खापरपणजीचंही नाव आहे! मला माझ्या पणजीचं माहीत नाही." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, "काही प्रॉब्लेम तर नाही ना हिला?"

या एका प्रश्नासाठी मी हा सगळा लेख लिहिते आहे. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. जिन्यावर काकांची चप्पल अजून वाजली नव्हती. माझ्या पिशवीत शिक्के मारलेल्या प्रती होत्या. मी पत्रकवाल्याची मुलगी. सभेत उठून प्रश्न विचारणारी.

"कागद पूर्ण आहेत," मी म्हणाले.

नीट ऐका हे उत्तर. त्यात खोटं काही नाही. या देशातल्या प्रत्येक खिडकीमागून हेच उत्तर येतं, आणि त्या दिवशी खिडकीमागे मी होते.

पुढची दोन वर्षं मी हिरवीला समोरच्या टॉवरच्या फाटकातून बाहेर पडताना बघत आले. आधी ती डुलत चालायची. "डान्स करते बघ," नेहा हसून सांगायची. मग ती थांबत चालायला लागली. मग तिसऱ्या हिवाळ्यात, सकाळच्या थंडीत ती उठेचना, तेव्हा नेहा तिला चादरीत गुंडाळून, पोराला घ्यावं तशी उचलून खाली आणायची. एवढं तीस किलोचं जनावर. वॉचमन हसायचा. एकदा फाटकाशी नेहानं मला थांबवलं.

"डॉक्टर म्हणतात जन्माचंच आहे. तू तर तिथं होतीस ना? काहून कुणालाच दिसलं नाही?"

"तेव्हा लहान होती," मी म्हणाले.

हे मात्र खोटं होतं.

नेहाला कंपनीनं परदेशी पाठवलं. तिनं हिरवीला मुळशीकडच्या एका शेतघरवाल्याला दिलं. "मोकळी जागा आहे म्हणतो. इथं लिफ्टमध्ये किती दिवस काढेल बिचारी? चांगला वाटला गं माणूस. फाइल आहे ना म्हणून दोनदा विचारलं त्यानं." मी नेहाचा हात हातात घेतला, तिला निरोप दिला. ज्याला दुखणाऱ्या कुत्रीला मोकळी जागा द्यायची आहे, तो फाइल कशाला मागेल, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पप्पांच्या लाल अक्षरात पडला होता. का? मी तो विचारला नाही.

त्यानंतर मी संस्थेला पत्र लिहिलं, उशिरा शहाणपण आल्यावर लिहितात तसं. बाप-लेकीच्या संबंधातून झालेल्या पिल्लांची नोंद बंद करा, अर्जात खुब्यांना एक रकाना द्या, डॉक्टरांची सही मागा. उत्तर आलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' नोंद घेण्यात ते पटाईतच आहेत. काकांचा बंगला आता नाही. तिथे 'मयूर हाइट्स' उभी आहे आणि फाटकावर पाटी आहे, 'सोसायटीत कुत्री पाळण्यास सक्त मनाई.' काका-काकू मुलाकडे गेले. ठमीचं काय झालं, कुणाला विचारू?

आणि हा डिसेंबर. फ्लेक्स लागला त्याच आठवड्यात, सकाळी, वारज्याच्या मैदानावर एक गृहस्थ भेटले. ट्रॅकसूट, कानटोपी, हातात साखळी. मूळचे इथलेच, शेतं गेली आणि टॉवर आले त्यांच्यातले. साखळीच्या टोकाला तीन-चार महिन्यांचं लॅब्रॅडोरचं पिल्लू. ते बसलं. दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसलं.

माझ्या तोंडून प्रश्न निघाला नाही. त्यांनीच सांगितलं. "वरिजनल हाय. पाच पिढ्यांचं रेकॉर्ड हाय बगा." खिशातून घडी केलेली झेरॉक्स निघाली. "मॅडम, तुमी शिकलेल्या दिसता. ह्ये आयचं नाव काय लिवलंय, वाचा की जरा. पोरगं म्हणतं फुलाचं नाव हाय."

मी वाचलं. मातेच्या रकान्यात, जास्तीच्या 'यू'सकट, माझं स्पेलिंग होतं. जगात दुसऱ्या कुठल्या कुत्रीचं ते नाव असणं शक्य नाही. माझ्या हातची चूक एक पिढी खाली उतरली होती. दुसरी चूकही उतरली होती, ती पिल्लाच्या कमरेत होती.

"याची आई कुठे आहे आता?"

"न्हाई आता. पिल्लं झाल्यावर उठलीच न्हाई म्हनं."

थोडा वेळ मी पिल्लाच्या कानामागे खाजवत बसले. मग, सहा वर्षांनी, बोलले. म्हटलं, याच्या आईला मी जन्मापासून ओळखत होते. तिचे खुबे जन्मतः सैल होते. याला डॉक्टरांना दाखवा, याची पिल्लं पुढे घेऊ नका.

गृहस्थांनी माझ्या हातातून झेरॉक्स काढून घेतली. उलटी केली, सुलटी केली. रागावले नाहीत. समजूत घालावी तसं म्हणाले, "आवो मॅडम, पर कागदावर कुटं लिवलंय?"

पिल्लू उठलं. मागचा भाग डोलवत त्यांच्यामागे गेलं. लांबून पाहणाऱ्याला ते नाचतंय असंच वाटलं असतं.

संध्याकाळी पप्पांना सगळं सांगितलं. इतकी वर्षं न सांगितलेलंसुद्धा. त्यांना आता नीट दिसत नाही. प्रुफं सुटली, पण पेन खिशाला असतं. त्यांनी ऐकून घेतलं.

"समासात लिहिलं होतंस?"

"लिहिलं होतं. परत आलं."

"मग पुन्हा का नाही लिहिलंस?"

पप्पांची सगळी पत्रकं मिळून एवढं अवघड वाक्य मला वाचावं लागलं नव्हतं. मला वाटायचं, नियम वाईट लोक लिहितात आणि चांगले लोक खोडतात. पण लिहिणाऱ्याचं काम नियम लिहून होताच संपतं. पुढे ते चालतात तेल चोळणाऱ्या हातांनी, शिक्के मिळवून देणाऱ्या हातांनी, चुकीचं स्पेलिंग टाइप करणाऱ्या हातांनी. हिरवी गेली. तिच्या त्या वेतात किती पिल्लं होती आणि ती कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये पाय फाकून बसली आहेत, हे मला कधीच कळणार नाही. त्या सगळ्यांचे कागद पूर्ण असतील.

मला आता संस्थेकडून काही आशा नाही. म्हणून तुमच्याकडे मागते. या हिवाळ्यात तुमच्यापैकी कुणीतरी पिल्लू बघायला जाणार आहे. मालक फाइल उघडेल. ती मिटायला सांगा. म्हणा, याच्या आईला बोलवा, आमच्यासमोर चार पावलं चालू दे. मग बापाला. आणि तक्त्यात एकच नाव दोनदा दिसलं, तर तिथूनच परत फिरा. एवढं करूनही तुमच्यासमोर नोंदणीचा अर्ज आला आणि त्यात पायांना रकाना नसला, तर पेन काढा आणि समासात लिहा. परत येईल. पुन्हा लिहा.